खांबावरची ठिणगी

मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट. मार्गशीर्षातले दिवस, नुकता लावलेला कांदा, आणि त्या आठवड्यात शेतीची लाइट संध्याकाळी सहाला येऊन रात्री अकराला जायची. मोटर चालू करून अण्णा, म्हणजे माझे वडील, दारं धरायला गेले होते. मी विहिरीजवळ वही उघडून बसले होते. एवढ्यात बांधाशी एक जीप थांबली. उंच, सावळे, चष्मा लावलेले एक गृहस्थ उतरले. हातात ॲल्युमिनियमच्या आडव्या काड्यांची, घरावरच्या टीव्हीच्या अँटेनासारखी अँटेना, खांद्याला एक पेटी, कानाला हेडफोन. ते अँटेना सावकाश फिरवायचे, थांबायचे, चार पावलं चालून पुन्हा फिरवायचे. दर वेळी ती ज्या दिशेला थांबत होती, ती दिशा आमच्या विहिरीची होती.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची माणसं आमच्या भागाला नवीन नव्हती. नारायणगावहून खोडदकडे निघालं की लांबूनच त्या अजस्र तबकड्या दिसायला लागायच्या. आमच्या मळ्यातूनही एक दिसायची, दूरच्या शाखेवरची एकटीच उभी असलेली. गावात तिच्याबद्दल नाना समज होते. आमच्याच तालुक्यात आर्वीला १९७१ पासून विक्रम उपग्रह केंद्र होतं आणि तिथल्या मोठ्या तबकडीमुळे परदेशी फोन लागतात, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. त्यामुळे खोडदलाही कोणाशी तरी बोलायचीच सोय असणार असं बहुतेकांना वाटे. खोडदच्या तबकड्या बोलत नाहीत, त्या फक्त ऐकतात, हे मला त्या रात्री समजलं.

गृहस्थ आमच्या खांबाखाली येऊन थांबले. वरून आलेली तार आणि स्टार्टरकडे जाणारी केबल जिथे जोडली होती तिथे अंधारात मधूनमधून निळसर ठिणगी दिसायची, हरभऱ्याच्या डाळीएवढी. आम्हाला तिची सवय झाली होती. तो जोड अण्णांनी स्वतःच्या हाताने मारला होता. अण्णा वीजखात्यात वायरमन. तांब्याची आणि ॲल्युमिनियमची तार थेट पिळून जोडू नका, मधे गंज धरतो, जोड सैल पडतो, तापतो, हे ते पंचक्रोशीला सांगत फिरायचे. पण ऐन लावणीत केबल तुटली, हाताशी सामान नव्हतं आणि पाण्याची पाळी चुकली असती तर रोपं गेली असती. त्यांनी तार पिळली, वर पट्टी गुंडाळली, आणि सवडीने करू म्हणता म्हणता ते राहून गेलं.

अण्णा चिखलाचे पाय घेऊन आले तेव्हा गृहस्थ वर बघत उभे होते. अण्णांना काही विचारावं लागलं नाही.

"साहेब, चूक माझीच आहे," ते म्हणाले. "लगेच बंद करतो."

मी अण्णांना असं मान खाली घातलेलं कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी खांबावरची नजर काढून वावराकडे पाहिलं. शब्द शोधत, सावकाश मराठीत त्यांनी विचारलं, "पाणी किती राहिलं?"

"निम्मं."

"मग आधी पाणी होऊ द्या. मी थांबतो."

या तीन वाक्यांचं ऋण मी आज लिहायला बसले आहे. त्यांच्या त्या "मी थांबतो"ची किंमत मला तेव्हा कळली नव्हती. खोडदच्या दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून जगभरचे खगोलशास्त्रज्ञ अर्ज करतात, अर्जांची छाननी होते, आणि मग कोणाला चार तास मिळतात तर कोणाला दहा. त्यातले काही तास त्या माणसाने आमच्या कांद्याला दिले. तसं बघितलं तर मोटर बंद करा म्हणायचा त्यांना हक्क होता आणि अण्णांनी ती केलीही असती. शेतकऱ्याचं पाणी आणि आकाशाचं निरीक्षण यात त्या रात्रीपुरतं आधी काय, हे त्यांनी वावराकडे एकदा बघून ठरवलं.

आईने चहा आणला, मग भाकरी आणि कांद्याच्या पातीची भाजी. "बांधावर कशाला, घरी चला की," असं ती म्हणाली, पण त्यांना पेटीजवळच थांबायचं होतं. ते उटीहून आले होते. तिथल्या रेडिओ दुर्बिणीवर काम करून खोडदला आले होते. गावात त्यांचं नाव कोणाला नीट घेता यायचं नाही, म्हणून ते सगळ्यांचे उटीवाले साहेब झाले होते. मी वहीतून मान वर काढून त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानाला लावला.

करकर, करकर, करकर. तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज, न थांबणारा.

"ही तुमची ठिणगी," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं की ठिणगी म्हणजे छोटं रेडिओ केंद्रच. हर्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७च्या सुमारास पहिल्यांदा रेडिओ लहरी निर्माण केल्या त्या अशाच ठिणगीतून, आणि सुरुवातीच्या काळात बिनतारी संदेश पाठवले जात तेही ठिणगीच्याच यंत्राने. आकाशवाणी आपल्या ठरलेल्या जागी बोलते, म्हणून तिला टाळता येतं. ठिणगी मात्र एकाच वेळी सगळ्या जागांवर बोलते. जिथे ऐकायला जावं तिथे ती असते.

"पण ती तर इतकीशी आहे," मी म्हणाले.

"आम्ही जे ऐकतो ते तिच्याहून किती तरी लहान आहे," ते म्हणाले.

आकाशातून येणारी रेडिओ ऊर्जा मोजायला शास्त्रज्ञांनी जान्स्की नावाचं एकक केलं आहे. एक जान्स्की म्हणजे एका चौरस मीटरवर, एक हर्ट्झच्या पट्ट्यात, एक वॅट भागिले एकावर सव्वीस शून्यं. आणि खोडदला जान्स्कीच्याही हजाराव्या भागापेक्षा मंद गोष्टी ऐकल्या जातात. मी आज शाळेत विज्ञान शिकवते. ही सव्वीस शून्यं फळ्यावर एकेक करून काढते. पंधराव्या शून्याच्या आसपास वर्ग शांत होतो.

मी विचारलं, एवढं मंद ऐकायचंच कशाला? साध्या दुर्बिणीतून दिसत नाही का? त्यांनी आकाशाकडे हात केला. धुकट रात्र होती, मोजक्या चांदण्या दिसत होत्या. डोळ्याला दिसतो तो प्रकाश, तो धुक्यात अडतो, ढगात अडतो, आणि ताऱ्यांमधल्या धुळीतही अडतो. आपल्या आकाशगंगेचं केंद्र अशाच धुळीआड आहे. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरीला ती धूळ दिसतसुद्धा नाही. ती ढगातून येते, दिवसाउजेडी येते, पावसाळाभर येते. शिवाय विश्वात असं पुष्कळ काही आहे जे चमकत नाही. ताऱ्यांच्या मधल्या अवकाशात पसरलेला थंड हायड्रोजन अंधाराच आहे, पण त्याचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची एक लहर सोडतो. व्हॅन डी हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये हे कागदावर सांगितलं आणि १९५१ मध्ये ती लहर प्रत्यक्ष सापडली. ज्यातून पुढे तारे बनायचे तो कच्चा माल कुठे किती आहे, हे या लहरीशिवाय कळायला फारसा मार्ग नाही. तारे दिसतात ते झालेलं पीक. रेडिओ दुर्बीण कणगीतलं बियाणं मोजते.

बियाण्याचा दाखला माझा आहे, त्यांचा नाही. पण जाळीचा त्यांचाच.

मळ्यातून दिसणाऱ्या तबकडीकडे बोट करून मी विचारलं होतं, तिला एवढी भोकं का? पाणी तर सगळं गळून जाईल. त्यांनी आईला चाळण मागितली. मूठभर गहू चाळणीत टाकले, वरून तांब्यातलं थोडं पाणी ओतलं. पाणी गेलं, गहू राहिले. "लहर गव्हासारखी मोठी, वारा पाण्यासारखा," ते म्हणाले. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची, आणि ऐकायच्या लहरी वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंतच्या. लहरीच्या लेखी ती जाळी म्हणजे अखंड आरसाच. वारा मात्र आरपार जातो. ४५ मीटर व्यासाची पत्र्याची तबकडी उभी केली तर वाऱ्याचा जोर पेलायला केवढं लोखंड आणि केवढा पैसा लागला असता! प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली ही युक्ती. पोलादी नळ्यांच्या सोळा वक्र चौकटी, त्यांच्यात ताणलेले दोर, आणि दोरांना बांधलेली अर्ध्या मिलिमीटरच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी. आपल्या देशाला परवडेल अशी दुर्बीण बांधायची तर ती इथल्या गरजेतून सुचायला हवी होती, आणि ती तशीच सुचली.

त्या वक्र जाळीवर पडलेली प्रत्येक लहर परावर्तित होऊन साडेअठरा मीटर उंचीवर, चार खांबांच्या टोकाशी बसवलेल्या फीडवर येऊन मिळते. फीड म्हणजे तिचा खरा कान. तिथे ती लहर आधी वाढवली जाते आणि मग जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत जाते. अशा ३० तबकड्या आहेत. चौदा खोडदजवळच्या चौरस किलोमीटरभर जागेत, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन शाखांवर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर.

हे अंतर कशाला, ते समजायला मला पुढे कॉलेजची दोन वर्षं लागली. दुर्बिणीला किती बारीक दिसेल हे लहरीची लांबी आणि दुर्बिणीची रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरतं. मीटरभर लांबीची लहर आणि ४५ मीटरची एकच तबकडी असेल तर आकाशाचा सव्वा अंशाचा तुकडा, म्हणजे शेजारीशेजारी ठेवलेले अडीच चंद्र, तिला एकच डाग दिसतील. आपला साधा डोळा एक कलेपर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत, दोन ठिपके वेगळे ओळखतो. त्या मानाने तबकडी जवळजवळ आंधळीच. पण २५ किलोमीटरवरच्या दोन तबकड्यांनी मिळून ऐकलं तर बारकावा आठ विकलांवर येतो, डोळ्याच्या सात-आठ पट. एवढी मोठी एक तबकडी बांधणं अशक्य, म्हणून तिचे ३० तुकडे शेतांमधून उभे केले आहेत. पृथ्वी फिरते तसे हे तुकडे आकाशाच्या संदर्भात जागा बदलतात आणि काही तासांत त्या न बांधलेल्या महाकाय तबकडीचा बराचसा भाग भरून काढतात. ही पद्धत विकसित केल्याबद्दल मार्टिन राईल यांना १९७४ मध्ये नोबेल मिळालं.

पण मिळून ऐकायचं म्हणजे काय? वर्गात मी दिंडीचं सांगते. लांबलचक दिंडी चाललेली आहे, पुढच्यांनी टाळ वाजवला की मागच्याला तो क्षणभर उशिरा ऐकू येतो. वाटेवर तीस जण उभे करून प्रत्येकाने ऐकलेलं टिपून घेतलं, आणि ज्याला जितका उशीर झाला तितकं त्याचं टिपण मागे सरकवलं, तर सगळे टाळ एका ठोक्यावर येतात. आकाशातली लहर २५ किलोमीटरवरच्या दोन तबकड्यांवर फार तर ऐंशी-त्र्याऐंशी मायक्रोसेकंदांच्या फरकाने पोचते. तेवढा फरक काढून टाकायचा आणि मग दोघींनी ऐकलेलं एकमेकांशी गुणायचं. प्रत्येक तबकडीच्या यंत्राचा स्वतःचा खरखराट असतोच, पण एकीचा दुसरीशी जुळत नाही. गुणाकारांची सरासरी घेत गेलं की तो विरतो. दोघींत जे समान तेवढं उरतं, आणि ते आकाशाचं असतं. "एकीने ऐकलं ते ऐकीव. दोघींनी ऐकलं ते खरं," असं साहेब त्या रात्री म्हणाले होते.

आणि मग त्यांनी मला गणित घातलं. तीस जण जमले, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच हात मिळवला, तर किती वेळा हात मिळवले गेले? मी बांधावरच्या मातीत बोटाने २९, २८, २७ असं लिहीत गेले. आई हसत होती, अण्णा मधून येऊन बघून जात होते. बराच वेळ लागला. ४३५.

"बरोबर," ते म्हणाले. "आमच्या दुर्बिणीत इतक्या जोड्या आहेत." आणि त्यांनी अण्णांना हाक मारून सांगितलं, "भाऊ, मुलीला गणित सोडू देऊ नका."

आमच्या भावकीत तोवर एकही मुलगी दहावीच्या पुढे शिकली नव्हती. माझ्यासाठी चुलत्यांनी बघायला सुरुवात करायची चर्चा त्याच वर्षी झाली होती. अण्णांनी त्या वाक्याला उत्तर दिलं नाही, पण ते त्यांनी धरून ठेवलं. दहावीनंतर चुलत्यांनी विषय काढला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ती गणित शिकतेय."

साडेदहाच्या सुमारास पाणी झालं. अण्णांनी डीपीवर जाऊन फ्यूज काढला, खांबाला शिडी लावली. जीपमधून साहेबांनी दोन धातूंच्या जोडासाठीची क्लिप काढून दिली. अशा क्लिपा ते बरोबर बाळगत असत. बॅटरीचा उजेड त्यांनी स्वतः धरला. वायरमनला त्यांनी एकही सूचना केली नाही. अण्णांनी तारा घासून, स्वच्छ करून, जोड असा बांधला की पुढे वीस वर्षं त्याला हात लावावा लागला नाही. फ्यूज बसवून मोटर पुन्हा सुरू केली, तेव्हा हेडफोन माझ्याच कानाला होता.

करकर गेली होती. मागे एक अगदी मऊ, सलग सूं सूं उरली होती.

"हे काय आहे?"

"थोडं या पेटीचं आहे. थोडं आकाशगंगेचं."

मी जागची हलले नाही. मला आठवतं, मी श्वासही हळू घेत होते.

१९३०च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू जर्सीत कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याला असंच काम दिलं होतं. समुद्रापलीकडच्या टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोध, असं. त्याने मोटारीच्या चाकांवर फिरणारी मोठी अँटेना बांधली. वादळातल्या विजांची खरखर त्याला सापडली, आणि शिवाय एक मंद सुस्कारा, जो रोज चार मिनिटं लवकर यायचा. सूर्य तसं करत नाही, तारे करतात. तो आवाज आकाशगंगेच्या केंद्राकडून येत होता. रेडिओ खगोलशास्त्र असं एका खरखर शोधणाऱ्या माणसाने सुरू केलं. तो १९५० मध्ये वयाच्या ४४व्या वर्षी वारला. आज एकक त्याच्या नावाचं आहे, जिवंतपणी त्याच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. ही कथा मी वाचली तेव्हा मला आमचा बांधच आठवला.

त्यानंतर साहेब कधी त्या बाजूला आले तर विहिरीवर थांबायचे. दर २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, खोडदला दुर्बीण लोकांसाठी खुली असते आणि आसपासच्या शाळांच्या मुलांचं प्रदर्शन भरतं. नववीत मी तिथे चाळण आणि गव्हाचा प्रयोग मांडला. त्यांनी मला उरलेल्या जाळीचा एक तुकडा दिला, हातभर लांबीचा. तो आजही माझ्या वर्गात खिळ्याला टांगलेला आहे. तिथेच त्यांनी कल्याणची हकिगत सांगितली. ऑस्ट्रेलियातल्या पॉट्स हिलला सूर्याच्या निरीक्षणासाठी वापरलेल्या ३२ छोट्या तबकड्या, प्रत्येकी सहा फुटांच्या, भारताला भेट मिळाल्या, आणि गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये त्या कल्याणला उभ्या केल्या. मग १९७०ची उटी. तिथे ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण डोंगराच्या अशा उतारावर बसवली की उताराचा कोन तिथल्या अक्षांशाइतकाच, अकरा अंश. त्यामुळे एकाच अक्षावर फिरवून एकच स्रोत तासन् तास धरून ठेवता येतो. आणि मग खोडद. डोंगरांचा आडोसा, शहरापासून लांब, पण पुण्याहून येण्याजोगं, आणि दक्षिणेचंही पुष्कळसं आकाश दिसेल असं १९ अंश अक्षांशावरचं. भेट मिळालेल्या तबकड्यांपासून जगाला वेळ देणाऱ्या दुर्बिणीपर्यंत हे एका माणसाच्या आयुष्यात घडलं. गोविंद स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात गेले. त्यांना मी कधी भेटले नाही. त्यांचंही माझ्यावर ऋण आहे, पण ते साऱ्या देशावरच आहे.

अण्णांनी आपलं ऋण स्वतःच्या पद्धतीने फेडलं. त्या रात्रीनंतर त्यांच्या सायकलच्या हँडलला एक छोटा ट्रान्झिस्टर लटकू लागला. दोन केंद्रांच्या मधे, जिथे काहीच लागत नाही तिथे, काटा ठेवून ते लाइनीखालून जायचे. करकर वाढली की उतरायचे. कुठे चिमणीला तडा गेलेला असायचा (खांबावरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरला वायरमन चिमणी म्हणतात), कुठे जंपर ढिला, कुठे फांदी तारेला घासत असायची. त्यांना कोणी हे काम सांगितलं नव्हतं. "ठिणगी म्हणजे वाया जाणारी वीज, आणि पुढे तुटणारी तार," असं ते विचारणाऱ्याला सांगायचे. दुर्बिणीचं नाव काढत नसत. घरी आल्यावर मात्र मला म्हणायचे, "आज दोन काढल्या."

१९ ऑक्टोबर २०१६ला ते निवृत्त होऊन घरी होते. त्या दिवशी युरोपचं शियापारेली हे यान मंगळावर उतरत होतं. उतरतानाचा त्याचा क्षीण रेडिओ संदेश पृथ्वीवरून थेट ऐकण्याची कामगिरी खोडदवर होती. अंतर सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर. संदेशाला पोचायला जवळपास दहा मिनिटं लागत होती. खोडदने तो धरला, यान वातावरणात शिरताना ऐकला, आणि उतरण्याच्या थोडं आधी तो बंद पडला. पुढे कळलं की यान आदळून नष्ट झालं. मी हे अण्णांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे शेवटपर्यंत आपण ऐकत होतो." ते "आपण" म्हणाले, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

२०२० मध्ये खोडदच्याच निरीक्षणांतून सात हजारांहून अधिक दीर्घिकांचा मिळून हायड्रोजन मोजला गेला, सुमारे आठशे कोटी वर्षांपूर्वीचा. २१ सेंटिमीटरची लहर निघाली आणि विश्व पसरत गेलं तशी ताणली जाऊन दुप्पट लांब होऊन आमच्या शेतांवर पोचली. एकेका दीर्घिकेचा आवाज इतका मंद की तो वेगळा ऐकूच येत नाही, म्हणून हजारोंचे एकावर एक ठेवून ऐकले. त्या काळी तारे झपाट्याने जन्मत होते, मग तो वेग का मंदावला, याचा एक धागा त्यातून मिळाला. पुरेसा कच्चा माल उरला नसावा. ही बातमी वाचायला अण्णा नव्हते.

उटीवाले साहेबही खोडदला नव्हते. मी बी.एस्सी. झाले तेव्हा पेढे घेऊन गेले होते. ते निवृत्त होऊन दक्षिणेत आपल्या गावी गेल्याचं कळलं. पत्ता मागितला, मिळाला, आणि पत्र लिहायचं मी पुढे ढकललं. नोकरी लागली की लिहू, लग्न झालं की लिहू. अण्णांच्या त्या जोडासारखंच ते राहून गेलं. मी शेवटी लिहिलं ते पत्र परत आलं. त्यांना एवढंच कळवायचं होतं की मुलीने गणित सोडलं नाही, आणि आमच्या भावकीतल्या आणखी सहा मुली आता शिकत आहेत.

आता आमच्या भागात ठिणग्यांखेरीज पुष्कळ काही झालं आहे. खिशाखिशात मोबाईल आहे. एक साधा मोबाईल चंद्रावर नेऊन चालू केला तर पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातल्या प्रखर स्रोतांपैकी एक वाटेल, मग खोडदच्या फाट्यावरच्या मोबाईलचं काय सांगावं. पुणे-नाशिक रेल्वेचा या भागातला मार्ग दुर्बिणीमुळे अडला तेव्हा लोक चिडले, आणि त्यांचं चिडणं खोटं नव्हतं. रेल्वे मलाही हवी आहे. माझ्या विद्यार्थिनींना तिची गरज आहे. पण विजेच्या गाडीची तारेशी ठिणगी उडते, आणि ठिणगी काय असते हे मी कानाने ऐकलेलं आहे, म्हणून मार्ग वळवायला सांगणाऱ्यांनाही मी चूक म्हणू शकत नाही. शांतता एकदा गेली की ती विकत आणता येत नाही. दुर्बीण दुसरीकडे उभारता येईलही, पण इतकी शांत जागा उरलेली असायला हवी. या भागातल्या शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी इतकी वर्षं या शांततेसाठी जे सोसलं, त्याची दुर्बिणीच्या शोधांबरोबर नोंद व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. साहेबांनी त्या रात्री ती केली होती.

तुम्ही कुठेही राहत असा, रात्री खांबावर निळी ठिणगी दिसली किंवा रेडिओ लावल्यावर एका जागी सारखी करकर ऐकू आली, तर आपल्या वायरमनला सांगा. स्वतः खांबाला हात लावू नका. आणि त्याच्या कामाच्या वेळी कोणाच्या वावरात पाणी चालू असेल, तर तेवढं होऊ द्या.